मार्केट रिसर्च म्हणजे नक्की काय गं, आत्या?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात, की तुमची सुटका नाही! आजचा विषय मात्र नेहमीचा नाही. व्याकरण नाही, जुन्या आठवणींचं गाठोडं नाही, लोणच्याचा खारही नाही. आज एका नोकरीबद्दल लिहायचंय. मार्केट रिसर्च, म्हणजे बाजार-संशोधन. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. हे काम चांगलं आहे, कष्टाचं आहे, आणि मराठी माध्यमातून साधं बी.ए. झालेल्या मुलामुलींनी त्याचा जरूर विचार करावा. मात्र काही अटींवर. त्या पुढे येतीलच.

आपल्या घरांमधून नोकरी म्हटलं की ठरलेली नावं असतात. शिक्षक, बँक, पोस्ट, तलाठी. मग डॉक्टर, इंजिनियर, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत 'आयटी'. यातलं काही असलं की समोरचा समजून मान हलवतो. 'मार्केट रिसर्च' म्हटलं की आधी शांतता. मग, "म्हणजे मार्केटिंग का? दारोदार साबण विकायचा?"

हा पहिला गैरसमज. साबण विकणारा दारात येऊन बोलतो. बाजार-संशोधनवाला दारात येऊन विचारतो आणि ऐकतो. तुम्ही कपडे बादलीत भिजवता का मशीनमध्ये टाकता? भिजवता तर किती वेळ? पावडर आणायची कोणी ठरवलं, तुम्ही का सासूबाईंनी? मागच्या महिन्यात दुसरी का घेतली? अशी शेकडो घरं, कधी हजारो घरं फिरून उत्तरं गोळा करायची, मोजायची, आणि ज्याने विचारायला सांगितलं त्याच्यापुढे ठेवायची. मोजणीचं हे झालं एक अंग. दुसऱ्या अंगात आठ-दहा जणांना एका खोलीत बसवून दोन तास गप्पा मारतात आणि 'का' हे शोधतात. विकण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. सर्व्हेच्या नावाखाली माल खपवणं हे या धंद्याच्या आचारसंहितेत चक्क निषिद्ध आहे.

आता हे सगळं आत्ताच का सांगतेय? माझ्या भाच्याची मुलगी (नाव लिहायचं नाही अशी तिची अट आहे) अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली. दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतेय. पूर्वपरीक्षा एकदा सुटली, मुख्य नाही सुटली. आता तिला मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरी मिळतेय. पहिलं वर्षभर गावोगाव फिरायचं, मग ऑफिसात. पगार बेताचा. तिला जायचंय. बापाचं म्हणणं, अजून एक प्रयत्न कर, निदान सरकारी शिक्का तरी लागेल. गेले दहा दिवस दोघं एका पंगतीला बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मला फोन आला, "आत्या, तू तरी तिला समजाव. आणि हे मार्केट रिसर्च म्हणजे नक्की काय गं?" तो हा ब्लॉग वाचतो. म्हणजे जे लिहितेय ते त्याच्या तोंडावरच लिहितेय. समजवायचं कोणाला ते मी ठरवीन!

माझा या कामाशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध आहे. आम्हा शिक्षकांना दर दहा वर्षांनी जनगणनेची ड्यूटी लागायची. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणना मी केल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म, आणि वाड्या-वस्त्यांवरची कुत्री. १९८१ साली एका वस्तीवर एक बाई दारात भेटली. पदर खोचलेला, डोक्यावर वैरणीचा भारा. विचारलं, "बाई, तुम्ही काही काम करता का?" म्हणाली, "छे ओ, मी कसलं काम करतीय, घरीच असती." भारा अजून डोक्यावरच होता! मग मी विचारलं, म्हशीचं कोण बघतं? भांगलायला कोण जातं? सगळ्याला उत्तर एकच, "मीच की." काम म्हणजे पगाराचं काम, असा तिचा अर्थ. तिचंही बरोबरच होतं. प्रश्नच अर्धा होता.

१९९१च्या जनगणनेत प्रश्नातच शब्द वाढवले होते. शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं काम धरून, असं स्पष्ट म्हटलं होतं. तीच वस्ती नव्हती, पण तशीच बाई होती, आणि या वेळी उत्तर पहिल्या फटक्यात आलं. चार शब्दांनी एक बाई 'काम न करणारी'ची 'काम करणारी' झाली. प्रश्न कसा विचारावा हे एक शास्त्र आहे, ते मला कुठल्या पुस्तकाआधी त्या दोन उंबऱ्यांवर कळलं.

दुसरी गोष्ट, किती जणांना विचारायचं आणि कोणाला. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण सहज वापरतो. घरच्या छोट्या पातेल्यापुरती ती खरी आहे. पण लग्नातल्या आचाऱ्याला विचारा. मोठ्या हंड्यात वर कणी राहते आणि तळाला करपतं. तो चार ठिकाणी झारा घालून बघतो. या शास्त्रातल्या नमुना निवडीचं सार त्या झाऱ्यात आहे.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांवर उत्तरं आली. एवढा मोठा आकडा! त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. गडबड काय झाली? नावं घेतली होती टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींतून. ऐन मंदीत फोन आणि मोटार कोणाकडे असणार? शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे हेही सारखे नसतात. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने त्या मानाने अगदी थोड्या लोकांना, पण नीट निवडून, विचारलं आणि त्याचं उत्तर बरोबर आलं. झारा एकाच जागी शंभर वेळा घालून उपयोग नाही.

म्हणून फील्डवर जाणाऱ्या पोराला कडक नियम असतात. ठरलेल्या घरापासून निघायचं, उजव्या हाताला धरून चालायचं, ठरलेली घरं सोडायची, मगच पुढचं दार वाजवायचं. ओळखीचं घर, चहा मिळेल असं घर, असं करायचं नाही. दार उघडलं तरी घरातल्या कोणाला विचारायचं हे कागदावरचा तक्ता ठरवतो. लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली तो तक्ता दिला, आणि आजही तो वापरतात. शिक्षकांना हे लगेच कळेल. वर्गात "कोण सांगेल?" म्हटलं की तीच चार पोरं हात वर करतात. बाकीच्या छप्पन्नांना येतं का नाही, हे त्या चौघांवरून कळत नाही.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं कृपा करून समजू नका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३०च्या दशकात घरोघर माणसं पाठवून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करवली होती. कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली, आणि १९५० साली देशाची राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. डॉ. पांडुरंग सुखात्मे तर आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. शेतातलं पीक किती आलं हे सगळं शेत न कापता कसं सांगायचं, यावर त्यांचा आणि महालनोबिसांच्या मंडळींचा मोठा वाद झाला. महालनोबिसांच्या पद्धतीत अगदी छोटे तुकडे कापत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न आहे त्याहून फुगलेलं दिसतं. काठावरचं धान्य आत घ्यायचं का बाहेर! मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. केवढा मोठा माणूस, आणि भांडला कशासाठी, तर काठावरच्या चार ताटांसाठी. पण त्या चार ताटांना लाखो एकरांनी गुणलं की देशाला धान्य पुरणार का नाही, याचं उत्तर बदलतं.

व्यापारासाठी अशी पाहणी करणाऱ्या संस्था आपल्याकडे नंतर आल्या. बडोद्याला विक्रम साराभाईंनी १९६० साली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप काढला. मुंबईत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियन मार्केट रिसर्च ब्युरो आला, १९८३ साली मार्ग. पुढे यातल्या बहुतेक जगभर पसरलेल्या मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. ही सगळी आपल्याच देशातली, पन्नास-साठ वर्षांची जुनी परंपरा आहे. कोणी फसवी योजना घेऊन आलेलं नाही, हे भाच्याने ध्यानात घ्यावं.

या लोकांनी आपल्याला कसं मोजलं हेही गमतीचं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून शहरातल्या घराची पायरी ठरायची ती घरच्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि व्यवसाय यांवरून. २०११ साली पद्धत बदलली. मुख्य कमावत्याचं शिक्षण राहिलं, पण व्यवसायाच्या जागी ११ वस्तूंची यादी आली. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. यातलं तुमच्याकडे काय काय आहे? पुस्तकांचं कपाट यादीत नाही. (आमचं तिथेच घसरलं!) अलीकडे आणखी नवी पद्धत आली आहे. तिच्यात घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाबरोबर सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षणही धरतात. घराची प्रत ठरवताना बाईचं शिक्षण मोजायला इतकी वर्षं लागली. पण ते मोजायला हवं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं ना? ते लक्षात येणारी माणसं तिथे असावीत, म्हणून तर आपल्या मुली तिथे जायला हव्यात.

आता भाषेचा मुद्दा. माझ्या मते हा सर्वांत मोठा. प्रश्नावल्या तयार होतात इंग्रजीत, मुंबई-दिल्लीच्या ऑफिसात. मग त्यांचं 'मराठी' होतं. आमच्याकडे एकदा एक मुलगी अशी प्रश्नावली घेऊन आली होती. त्यातला एक प्रश्न असा : "आपण आपल्या परिचितांना या ब्रँडची शिफारस करण्याची कितपत शक्यता आहे?" मी मराठीची शिक्षिका असून मला तो दोनदा वाचावा लागला. शेजारच्या मावशींनी तर सरळ सांगितलं, "मला नाय कळत, तूच लिही काय ते." अहो, "शेजारणीला सांगाल का, हे घे म्हणून?" एवढंच विचारायचं होतं! कोल्हापूर-सांगलीकडे कालवण म्हणतात, कुठे कोरड्यास म्हणतात, पुण्यात रस्सा. 'न्याहारी', 'नाष्टा' आणि 'ब्रेकफास्ट' हे तीन शब्द तीन वेगळ्या घरांत राहतात. हे ज्याला कळतं त्याला खरं उत्तर मिळतं. ज्याला कळत नाही त्याला 'हो' मिळतं, कारण आपली माणसं भिडस्त. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं कसं?

मराठी माध्यमातल्या मुलांना आपण कायम सांगत आलो, तुम्ही मागे पडणार. इथे मात्र त्यांच्याकडे असलेली वस्तू दुसऱ्याकडे नाही. दहा बायकांच्या गप्पांत नऊ बोलतात आणि कोपऱ्यातली एक नुसती पदराशी चाळा करते. तिलाच खरं सांगायचं असतं. मागच्या बाकावरच्या मुलाला बोलतं करणं ज्याला जमतं, त्याला हे जमेल. इंग्रजी लागतंच, अहवाल त्यात लिहावा लागतो, पण ते शिकता येतं. मावशींच्या 'हो'मागचा 'नाही' ऐकायला शिकवणारा क्लास मी तरी कुठे पाहिला नाही.

आता आक्षेप. भाच्याचे आहेत तसे माझे स्वतःचेही आहेत.

पहिला, परक्या गावात परक्या दारात मुलगी जाणार. खरी काळजी आहे, हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आरोग्य पाहणीच्या, जनगणनेच्या कामासाठी बायका दारोदार जातच आल्यात. आशाताई रोज जातात. मी गेले तेव्हा तर मोबाइलही नव्हता. एकटं न पाठवणं, अंधार पडायच्या आत मुक्कामी परतणं, बरोबर सुपरवायझर असणं, या गोष्टी मागून घ्यायच्या आणि नोकरी घेण्याआधी विचारायच्या. विचारणं हाच तर धंदा आहे! तिथे समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर ती नोकरी नको, हे मीही म्हणेन.

दुसरा आक्षेप माझा. एवढं डोकं चालवून शेवटी काय, तर लोकांच्या गळ्यात नको त्या वस्तू मारायच्या? यावर मी बराच विचार केला. गरीब बाई शॅम्पूची बाटली न घेता पुडी घेते, कारण तिच्या हातात रोजचा पैसा रोज येतो. हे ऐकून कोणी पुडी काढली तर तिची सोय झाली. त्याच पुड्यांनी गटारं तुंबली, हेही तितकंच खरं. ज्ञान दोन्हीकडे वापरता येतं. पण न ऐकता धंदा करणारा अधिक भला असतो, असं मला कधी दिसलं नाही. शिवाय हेच कौशल्य साबणापुरतं राहत नाही. मुलांना लसी मिळाल्या का, बायकांच्या अंगात रक्त कमी आहे का, हे सांगणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून होत आली. मुंबईतल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था ती घडवत आली, आणि घरोघर फिरण्यासाठी अशाच संशोधन संस्थांची माणसं घेतली जातात. आज साबण विचारणारी मुलगी उद्या ॲनिमिया विचारू शकते.

तिसरा आक्षेप, यांचे अंदाज चुकतातच की! चुकतात. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी बहुतेक एक्झिट पोल सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेत होते, प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. १९८५ साली कोकाकोलाने सुमारे २ लाख लोकांना चव देऊन बघितली, नवी चव जास्त आवडली म्हणून जुनी बंद केली, आणि ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. कोणती चव आवडते हे त्यांनी भरपूर विचारलं, पण जुनी कायमची काढून घेतली तर काय वाटेल, याला पुरेसं वजन दिलं नाही. उत्तरं खोटी नव्हती, प्रश्न कमी पडला. पण म्हणून विचारणंच बंद करायचं का? पेपर अवघड गेला म्हणून कोणी परीक्षाच रद्द करत नाही.

चौथा आक्षेप ताजा. आता म्हणे कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगतात, तू सातारा जिल्ह्यातली चाळिशीची गृहिणी आहेस असं समज आणि उत्तरं दे. ती फडाफडा देते. मग माणूस कशाला पाठवायचा? यंत्र हिशेब करील, तक्ते करील, त्यात बऱ्याच नोकऱ्या जातीलही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण यंत्र बोलणार ते आधी कोणीतरी बोललेलंच. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन "मी काही करत नाही" म्हणणारी बाई जे बोललीच नव्हती, ते त्याला कुठून कळणार? ते आणायला कोणीतरी वस्तीवर जावंच लागेल.

पाचवी गोष्ट आक्षेपाची नाही, दुःखाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर एक मुलगा बसून भराभर फॉर्म भरताना पाहिला. एकेक घराचं नाव, आणि उत्तरं मनची. वर्गातली कॉपी मला लांबूनही दिसते! जवळ जाऊन विचारलं तर घाबरला. मग म्हणाला, "बाई, फॉर्ममागे पैसे देतात. एकेक फॉर्म पाऊण तासाचा. दिवसाचा आकडा भरला नाही तर गाडीभाडंसुद्धा सुटत नाही." चूक त्याची होतीच, तसं त्याला सांगितलं. पण पाऊण तासाची प्रश्नावली करणाऱ्याची नाही का? मोठ्या पगाराची माणसं थंड खोलीत बसून ज्या आकड्यांवर निर्णय घेतात, ते आकडे ज्याने उन्हातून आणायचे त्याला सर्वांत कमी पैसे. पायरीचा दगड कच्चा ठेवून माडी बांधायची. या धंद्याला पुढे कशाने धोका असेल तर यंत्राने नाही, याने आहे.

तर आता माझ्या अटी. मुलीसाठी आधी. एक, फॉर्म कधीही स्वतः भरायचा नाही, नोकरी गेली तरी चालेल. घर बंद होतं तर बंद लिहायचं. दोन, ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं नाव आपल्या तोंडून बाहेर जायचं नाही. २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. तीन, फील्डवरचं वर्ष कंटाळून सोडायचं नाही. ज्याने दारं वाजवली नाहीत त्याचा अहवाल मी वाचणार नाही. चार, संध्याकाळी टक्केवारी, सरासरी, संख्याशास्त्राची मूळ पुस्तकं आणि एक्सेल यांचा अभ्यास. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेसाठी बसायची सवय लागली आहे, ती वाया जात नाही. जमलं तर पुढे एम.ए. किंवा एम.बी.ए. कर, वरच्या जागांना ते लागतं.

बापासाठी अटी कमी आहेत. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित तुला मी शिकवायला नको. मुख्य परीक्षा न सुटलेली मुलगी नालायक नसते, आणि अजून तीन वर्षं त्या खोलीत बसून ती जास्त लायकही होणार नाही. तिला दोन वर्षं दे. या दोन वर्षांत लग्नाचा विषय काढायचा नाही आणि "बघ, मी म्हणत होतो" हे वाक्यही नाही. दोन वर्षांनी तिला स्वतःला नको वाटलं तर वयाने ती अजून परीक्षेला बसू शकेल. तुझा शिक्का कुठे पळून जात नाही.

आणि तुम्हा बाकीच्या मंडळींना एकच विनंती. दारावर कोणी वही नाहीतर टॅब्लेट घेऊन आलं, तर आधी ओळखपत्र बघा. बँकेचा नंबर किंवा ओटीपी विचारला तर दार लावून घ्या, तो संशोधनवाला नव्हेच. पण खरा असला तर पाणी विचारा. वेळ नसेल तर सरळ 'नाही' म्हणा, त्याचं वाईट वाटत नाही. वेळ असेल तर खरं उत्तर द्या. त्याला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणू नका.

असो. फार लांबलं. भाच्या, तिची गाडी सोमवारी सकाळी सहाची आहे. एस.टी. स्टँडवर सोडायला तूच जा. रिक्षा नको.